किल्लीच्या वहीतलं कोरं पान

सोमवार, ३ नोव्हेंबर

किल्लीच्या वहीला आज वर्ष पूर्ण झालं. माझ्या नावाचं पान अजून कोरं आहे.

विम्याच्या दावा विभागात मला एकोणीस वर्षं झाली. ऑफिसच्या वेळेत मी कधीही 'तिकडे' गेलेली नाही. घरून निघताना एकदा, घरी पोचल्यावर एकदा. मधले दहा तास शरीराने आपलं काम करावं, मी माझं करते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मुख्य कार्यालयाच्या कानावर आपली पद्धत गेली आहे म्हणाले. शुक्रवारी २१ तारखेला समिती येणार, वही पाहणार, पसंत पडली तर सगळ्या शाखांना लागू. पद्धतीला माझं नाव देणार का, हे मी विचारलं नाही. आपण होऊन सुचावं अशा गोष्टी असतात.

पद्धत साधी आहे. महिलांच्या टॉयलेटला कुलूप, कारण बाहेरची माणसं येऊन नळ काढून नेत होती. किल्लीला वीतभर लाकडी ठोकळा, म्हणजे कोणी पर्समध्ये टाकून विसरायला नको. ठोकळा माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला. वहीत प्रत्येकीचं स्वतंत्र पान, रकाने पाच: नेली, आणली, मिनिटं, सही, कारण. पाच मिनिटांवर गेलं की कारण लिहायचं. पुरुषांच्या टॉयलेटला कुलूप नाही. तिथला नळ आधीच गेलेला आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी किंचित जळजळ. संध्याकाळी जास्त. आमच्या खात्याचा नियम आहे, कागदपत्रं अपुरी असतील तर दावा विचारात घ्यायचा नाही. एका जळजळीवर मी काही मंजूर करणार नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

घरी असताना दर अर्ध्या तासाला जावंसं वाटतं. जाऊन बसावं तर चार थेंब, आणि त्या चार थेंबांना सुरीची धार.

आमच्याकडे आवक-जावकची टपाल-नोंद बघणारी एक मुलगी आहे. सगळे तिला आवक-जावक असंच म्हणतात, तीही ओ देते. गेल्या महिन्यात तिने एका दिवसात सात वेळा किल्ली नेली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'लागली म्हणून'. मी मेमो दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली: लघवीचा संसर्ग, भरपूर पाणी प्यावे, लघवी रोखून धरू नये. मी चिठ्ठी फाइलला लावली आणि खाली शेरा मारला, 'सदर डॉक्टरांनी कार्यालयीन वेळ विचारात घेतलेली दिसत नाही.'

मला संसर्ग वगैरे काही नाही. आजपासून पाणी कमी. आवकच नसेल तर जावक कुठून होणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावर जाऊबाई राहतात. त्यांना न सांगता कळतं. जिन्यात गाठून म्हणाल्या, चेहरा का असा, उन्हाळी लागलीय का? भर थंडीत उन्हाळी कशी लागेल, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तिला कॅलेंडर वाचता येत नाही. जवाचं पाणी करून दिलं, तांब्याभर. मग त्यांच्या मावससासूला असंच कसं साध्या जळजळीवरून सुरू झालं ते सांगायला लागल्या. 'शेवटी डोळेसुद्धा उघडेनात' इथपर्यंत मी ऐकलं आणि कुकर लावलाय म्हणून खाली आले. कुकर लावला नव्हता.

जवाचं पाणी कुंडीत ओतलं. उद्या ऑफिस आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

माझ्या आधी या खुर्चीत मोठ्या बाई बसायच्या. एकतीस वर्षं, जागेवरून न हलता. पाण्याचा पेला टेबलावर पालथा ठेवायच्या. मी त्यांच्याकडूनच शिकले. समितीसमोर त्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून फोन केला.

शुक्रवार जमणार नाही म्हणाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना हॉस्पिटलमध्ये मशीनवर बसावं लागतं. चार-चार तास. किडनीचं काहीतरी. मी म्हटलं, तुमची शिस्त मी जशीच्या तशी चालवतेय, ऑफिसात पाण्याचा थेंब घेत नाही. त्या म्हणाल्या, अगं, मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

काय ते विचारायचं राहिलं. म्हातारपणी माणसं अर्धवट बोलतात.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सुटी

दावा आता दुर्लक्ष करण्यासारखा राहिला नाही. औषधांच्या डब्यात ह्यांच्या दाताच्या गोळ्या सापडल्या. सात उरल्या होत्या. अँटिबायोटिक म्हणजे अँटिबायोटिक. सकाळी एक, संध्याकाळी एक.

लेक फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने पाकीट पाहिलं. म्हणाली, आई, ह्या दाताच्या आहेत. मी म्हटलं, गोळीला काय माहीत ती कुठे चाललीय? म्हणाली, तेच म्हणतेय मी, तिला माहीत नाही.

दोन वर्षं फी भरून ही उत्तरं.

सोमवार, १० नोव्हेंबर

गुण आला. जळजळ निम्म्यावर. एकूण तीन गोळ्या घेतल्या, बाकीच्या चार जपून ठेवल्या. बरं वाटलं की औषध थांबवावं, उगाच शरीराला सवय लागते. लेक म्हणाली, अर्धवट मारलेले जंतू शहाणे होऊन परत येतात. म्हटलं, आमच्या ऑफिसातले तर पूर्ण मेमो देऊनही शहाणे होत नाहीत.

आवक-जावक आज चार वेळा. सगळ्या नोंदी तीन मिनिटांच्या आत. वचक म्हणतात तो हाच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जळजळ परत आली. एकटी आली नाही. ओटीपोटात कळ, वास, रंग कोऱ्या चहासारखा आणि गढूळ. काल बीट खाल्लं होतं का, हे आठवून पाहिलं. नव्हतं खाल्लं. परवा बहुतेक.

ऑफिसात साडेतीनला वेळ आली होती. ठोकळा माझ्या पाठीमागे, हात केला असता तर हातात. पण समोर नऊ टेबलं. मी पायावर पाय टाकून एका अपघाताची फाइल वाचली. वाहनमालकाने घटना वेळेत कळवली नाही, सबब दावा अमान्य. सही करताना पेन कागदातून आरपार गेलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लेकीने कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू ओळखायला, लॅबची बाटली आणून दिली. सूचना वीस: हात धू, जागा धू, पहिली धार सोड, मधली बाटलीत धर, झाकणाला आतून हात लावू नकोस, तासाभरात पोचव. गोळ्या घेतल्यात तेही त्यांना सांग, म्हणाली. एवढं तर आम्ही मृत्यूच्या दाव्यालाही मागत नाही.

बाटलीचं तोंड अरुंद, म्हणून आधी जॅमच्या रिकाम्या बरणीत धरलं आणि मग ओतलं. बरणी स्वच्छ होती, मी स्वतः विसळली होती. लॅब येताना वाटेवर पडते, म्हणून दिवसभर बाटली डब्याच्या पिशवीत ठेवली आणि संध्याकाळी सहाला दिली. दाताच्या गोळ्यांबद्दल सांगितलं नाही. काउंटरवरच्या पोराला माझ्या ह्यांच्या दाताशी काय घेणं?

सोमवार, १७ नोव्हेंबर

रिपोर्ट: 'मिश्र जंतू. नमुना दूषित. पुन्हा द्यावा.' म्हणजे काहीही सिद्ध झालं नाही. मी आधीच म्हटलं होतं.

पाठ धरली आहे. उजवीकडे, बरगड्यांच्या खाली. नुसता हात लावला तरी जीव जातो. खुर्चीचा दोष. मोठ्या बाईंपासूनची खुर्ची आहे, मधोमध खड्डा पडलाय, त्यात माणूस आपोआप त्यांच्याच आकाराने बसतो. नवीन खुर्चीची मागणी टाकली, तीन प्रतींत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एसी फार थंड होता. दुपारी दात वाजायला लागले. पेन धरवेना. एसी बंद करा म्हटलं तर साहेब म्हणाले, मॅडम, एसी सकाळपासून बंद आहे.

आवक-जावकने उठून आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. मग सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे खरं तर अगदी हळू, पण विभाग तेव्हा गप्प होता: मॅडम, किल्ली देऊ का?

मी म्हटलं, कशाला?

वाकून म्हणाली, मलाही अशीच थंडी भरली होती. मेमो घेऊन घरी गेले ना, त्या दिवशी. मग आठ दिवस ऑफिस सुटल्यावर दवाखान्यात जाऊन सलाइनमधून इंजेक्शनं घेतली. तुम्ही आजच दाखवा, उद्या नको.

सहानुभूतीच्या आडून टोमणा कसा मारावा, हे या पिढीकडून शिकावं. शाल मात्र उबदार होती. परत द्यायची राहिली.

बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळी ७

ताप एकशे दोन. थर्मामीटर जुना आहे.

सकाळी ७.१०

एकशे तीन. फारच जुना आहे.

संध्याकाळी

ऑफिसला गेले. दुसरा इलाज नव्हता, वहीला कव्हर घालायचं होतं. हे म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ या का? ह्यांचं सगळं प्रश्नचिन्हाने संपतं. मी म्हटलं, शनिवारी. शुक्रवार एकदा पार पडू दे.

लेक खोलीत आली, दार लावून घेतलं. म्हणाली, आई, हे आता मूत्राशयात राहिलेलं नाही. ताप, थंडी, पाठीची एकच बाजू, म्हणजे वर चढलंय, किडनीत. तिथून रक्तात जायला त्याला काही किल्ली लागत नाही. तू रोज लोकांना विचारतेस ना, वेळेत का कळवलं नाही? तुलाही कोणीतरी विचारेल, आणि तेव्हा तुला उत्तर देता येणार नाही.

एवढं बोलून रडली. परीक्षा जवळ आली की ती हळवी होते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी उलटी. दुपारी उलटी. रजा टाकली नाही. रजेचा अर्ज जाणार साहेबांकडे, साहेबांकडून समितीकडे, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचं?

उद्याचा बेत पक्का केला. पाणी काल रात्रीपासून बंद, म्हणजे आजही. गडद कपडे. ताप उतरायची गोळी आठला, साडेदहाला. समिती अकरा ते एक. दोन तास. एकोणीस वर्षं काढली, त्यात दोन तास म्हणजे किस झाड की पत्ती. एकला जेवायला म्हणून बाहेर पडायचं आणि थेट डॉक्टर. पाहा, मी काही हट्टी नाही.

पाहिलं तर आज दिवसभरात घरीही एकदाच झाली. नियंत्रण आलं म्हणायचं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सकाळी ८.१५

आज ताप पाहिला नाही. जे पाहिलं नाही त्याची नोंद होत नाही. आरशात ओठ जरा निळसर दिसले, लिपस्टिक लावली.

१०.५०. ऑफिसातून

बोटं गार. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाला दोनच काटे असायला हवेत. वही टेबलाच्या मधोमध ठेवली. माझं पान उघडून ठेवलं. कोरं, पांढरं, फार छान दिसतं. लिफ्ट वर ये

सोमवार, २४ नोव्हेंबर. हॉस्पिटल

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितेय. उजव्याला सलाइन.

जे आठवतं ते लिहून ठेवते, बाकीचं आवक-जावककडून कळलं. रुग्णवाहिकेत ती बरोबर होती. माझं डोकं तिच्या मांडीवर होतं म्हणे. मी वाटेत तिला दोनदा विचारलं की किल्ली नेल्याची सही केलीस का.

समितीत दोन पुरुष आणि एक बाई. बाईंनी वही हातात घेतली, सावकाश चाळली. आवक-जावकच्या पानावर थांबल्या. 'लागली म्हणून' वाचलं, खाली मेमोचा क्रमांक वाचला. मग माझं पान. विचारलं, या कोण? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, वर्षभर रजेवर होतात?

त्याच क्षणी मला कळलं की आता नाही थांबणार. उठले. खिळ्यावरचा ठोकळा काढला. नियम तो नियम, म्हणून वही त्यांच्या हातातून घेऊन लिहिलं: नेली, ११.२५. सही केली. चालत गेले. सरळ रेषेत चालले असं मला वाटत होतं. आवक-जावक म्हणते, मी भिंत धरून चालले होते आणि ठोकळा जमिनीवर फरफटत होता.

आत गेले, कडी लावली. फरशी वर आली.

दार तोडायला साहेब, वॉचमन आणि समितीतला एक पुरुष. कडीबरोबर कोयंडाही निघाला, कुलूप लागायचं ते लाकूडच फुटलं. आता त्या टॉयलेटला कुलूप बसत नाही. कोणीही केव्हाही जातं. नळ अजून जागेवर आहे.

डॉक्टर आल्या होत्या. वयाने लेकीपेक्षा जरा मोठी मुलगी. केसपेपर हातात घेऊन उभी, प्रश्न आमच्या खात्यासारखेच. केव्हा सुरू झालं? तीन आठवडे. कळवलं का नाही? पाणी किती पीत होता? कुठल्या गोळ्या घेतल्या, किती, का थांबवल्या? 'दाताच्या' म्हटल्यावर लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, पहिल्या दोन दिवसांत आला असतात तर नीट तपासणी, योग्य गोळ्या, तेवढे दिवस पूर्ण, आणि घरी गेला असतात. शंभरातल्या साठ बायकांना आयुष्यात एकदा तरी होतं हे, लाजण्यासारखं त्यात काय आहे?

मी म्हटलं, आमच्या विभागात तसं वातावरण नाही. तिने विचारलं, वातावरण कोण ठरवतं? त्या वेळी मला ग्लानी आली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ताप येतो, जातो. जंतू रक्तात पोचले होते. उजव्या किडनीत काहीतरी दिसतंय, ते पू आहे का आणि मागे किती शिल्लक राहतंय, हे उद्याच्या स्कॅनमध्ये कळेल. दोन दिवस हे माझ्या उशाशी बसून आहेत. आज पहिल्यांदा वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपवलं. म्हणाले, आता तू गप्प पड.

साहेबांचा फोन. समिती वही बरोबर घेऊन गेली. मी विचारलं, मग पसंत पडली का? साहेब बराच वेळ खोकले. म्हणाले, मॅडम, तुमचं नाव दिलंय त्याला. मला क्षणभर बरं वाटलं. मग म्हणाले, चौकशीला.

समितीने वही नेण्याआधी आवक-जावकने माझ्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. दाखवला. नेली, ११.२५. आणली, रिकामं. मिनिटं, ४१, दार तुटेपर्यंतची. सही माझी, ओळखू न येणारी. कारणाच्या रकान्यात तिच्या अक्षरात: 'लागली म्हणून'.

मी म्हटलं, हे तू लिहिलंस? ती म्हणाली, नियम आहे ना मॅडम, पाच मिनिटांवर गेलं की.

शाल परत दिली. नको म्हणाली, रात्री गार असतं इथे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला आहे. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, वेळ, प्रमाण, सिस्टरची सही. दर वेळी बेल वाजवायची, सिस्टर भांडं आणतात, मापात ओततात, डोळ्यांच्या रेषेत धरून बघतात आणि लिहितात. रकाने नीट आखलेत. मी दोष काढायचा म्हणून पाहिला, सापडला नाही.

दुपारी मोठ्या बाई आल्या. त्यांचं मशीन याच इमारतीत तळमजल्यावर आहे, चार तास झाले की लिफ्टने खाली-वर कुठेही जाता येतं म्हणाल्या, फक्त पाय वळतात. चाकाच्या खुर्चीत बसून होत्या. हात सुजलेला, त्यावर पट्टी. तीच मान, तीच नजर, पण खुर्ची दुसरी.

खुर्चीतल्या खड्ड्याची तक्रार मी केल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या टेबलावर पाण्याची बाटली होती, न उघडलेली. त्यांनी ती हातात घेतली, लेबल वाचलं. म्हणाल्या, मला दिवसाला मोजून एक लिटर. त्यात औषधं, चहा, सगळं आलं. तोंड कोरडं पडतं, रात्री बर्फाचा खडा चोखते. झाकण उघडून बाटली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, पी. तुला चालतं अजून.

'अजून' म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी सगळी बाटली प्यायले. त्या घोट मोजत होत्या.

स्कॅन चारला.

३.१०. बेल वाजवली. सिस्टर भांडं घेऊन आल्या. मी आपण होऊन सांगायला लागले की आताच पाणी प्यायलं त्यामुळे, एरवी मी अशी नाही. त्या म्हणाल्या, बाई, जरा सरका. कारण कोणी विचारलंय?